आधी बोलिंग, मग बाकी सारे : गेम न खेळणाऱ्या घरच्यांना हालचालींच्या गेमची गोडी कशी लावावी

व्हिडिओ गेम आयुष्यात कधी न खेळलेल्या माणसाच्या हातात नेहमीचा कंट्रोलर दिला, की त्याला त्यावरच्या दोन फिरत्या दांड्या आणि डझनभर बटणे दिसतात, आणि "नको रे बाबा, तुमचं चालू द्या" असे म्हणत तो बहुधा कंट्रोलर परत करतो. बटणांऐवजी हातपाय हलवून खेळायचे गेम नेमक्या याच अडचणीवर तोडगा म्हणून आले. निंटेंडो कंपनीने २००६ च्या नोव्हेंबरात 'वी' हे यंत्र बाजारात आणले, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी त्याच्या कंट्रोलरला 'रिमोट'च म्हणायचे असा आग्रह धरला होता, कारण टीव्हीचा रिमोट उचलायला घरातले कोणीच कचरत नाही. त्यांचा अंदाज बरोबर ठरला. वीची दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली आणि अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत त्यावर बोलिंगच्या, म्हणजे जमिनीवरून चेंडू सोडून समोरच्या दहा पिना पाडण्याच्या खेळाच्या, स्पर्धा रंगू लागल्या.

असे असले तरी यंत्र घरात आले म्हणजे घरचे आपोआप खेळू लागतात असे नाही. पुष्कळ घरांत पहिल्या संध्याकाळी हौसेने सगळ्यांना उभे केले जाते, अर्धा तास जोडणी आणि सूचना यांतच जातो, घरातला तरबेज मुलगा सगळ्यांना धूळ चारतो, आणि नंतर ते यंत्र फक्त त्या मुलाचेच होऊन बसते. यात दोष गेमचा नसतो. नवख्या माणसाला, विशेषतः वयाने मोठ्या माणसाला, खेळ अवघड जाईल याची फारशी चिंता नसते. चारचौघांत आपली फजिती होईल, याची धास्ती असते. पुढे जे काही सुचवले आहे, ते या एका गोष्टीभोवती फिरते.

यंत्र कोणते असावे

या साऱ्या खटाटोपात यंत्राची निवड ही सर्वांत कमी महत्त्वाची बाब आहे, पण तिच्यात काही खाचखळगे आहेत, ते आधी सांगून टाकलेले बरे.

आज नव्याने घ्यायचे असेल तर निंटेंडो स्विच हा सोयीचा पर्याय आहे. २०१७ साली आलेल्या या यंत्राचे 'जॉय-कॉन' नावाचे दोन छोटे कंट्रोलर बाजूने सुटे होतात, प्रत्येकाचे वजन जेमतेम पन्नास ग्रॅम असते, आणि त्यांच्या आतली संवेदके हाताचा वेग आणि कल टिपतात. मात्र घेताना 'स्विच लाइट' हे स्वस्त भावंड चुकूनही उचलू नये. त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत आणि ते टीव्हीलाही जोडता येत नाही, म्हणजे आपल्या कामाला ते निरुपयोगी आहे. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारी ही यंत्रे बहुतेक आयात केलेली असतात, त्यामुळे दुरुस्तीची हमी कोण देणार, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.

अनेकांकडे परदेशातल्या नातेवाइकांनी कधीकाळी आणलेले जुने वी माळ्यावर पडून असते. पहिल्या प्रयोगाला ते आजही उत्तम आहे, कारण 'वी स्पोर्ट्स' या त्याच्या गेमइतका साधा गेम त्यानंतर फारसा झालेला नाही. पण ते अमेरिकेतून आलेले असेल तर त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर तो जळतो. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय त्याची लाल-पांढरी-पिवळी वायर नव्या टीव्हीला लागेलच असे नाही, तेही आधी पाहून ठेवावे.

वीबरोबर टीव्हीच्या वर किंवा खाली ठेवायची एक पट्टी येते. तिला 'सेन्सर बार' म्हणत असले तरी तिच्यात टिपणारे असे काहीच नसते. तिच्या दोन टोकांना अवरक्त किरणांचे छोटे दिवे असतात आणि ते पाहणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. त्यामुळे टीव्हीशेजारी समई किंवा पणत्या तेवत असतील, किंवा समोरच्या खिडकीतून ऊन थेट पडद्याकडे येत असेल, तर पडद्यावरचा दर्शक हात उगाच थरथरू लागतो आणि नवख्याला वाटते की आपलेच काही चुकले. दिवाळीत घर भरलेले असताना हा घोळ हमखास होतो. पणत्या दुसऱ्या भिंतीकडे सरकवल्या आणि पडदा ओढून घेतला की प्रश्न मिटतो. स्विचला अशी पट्टी लागत नाही.

मायक्रोसॉफ्टचे 'किनेक्ट' २०१० साली आले तेव्हा हातात काहीच धरायचे नाही, कॅमेराच सारे शरीर पाहणार, याचे फार अप्रूप होते. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले, तरी कुणाकडे ते असू शकते. कॅमेऱ्यापासून एका माणसाला सुमारे सहा फूट आणि दोघांना आठ फूट अंतर लागत असल्याने मुंबईतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दोघांचा खेळ जमवणे कठीण जाते. त्यातही साडी किंवा घोळदार कपडे असले की दोन पाय वेगळे ओळखताना त्या कॅमेऱ्याची तारांबळ उडते. ज्येष्ठांसाठी म्हणूनच मी हातात रिमोट असलेल्या यंत्राला झुकते माप देतो. हातात धरायला काही असले की माणसाचा संकोचही कमी होतो.

डोळ्यांवर चढवायचे व्हीआरचे (आभासी जग दाखवणारे) हेडसेट पहिल्या दिवशी अजिबात नकोत. ज्याला आजूबाजूचे दिसत नाही आणि ज्याला सगळे मात्र पाहत आहेत, अशा अवस्थेत पाहुण्याला नेऊन ठेवण्यात कसले आले आदरातिथ्य? यंत्रावर पैसे घालण्याआधी घरच्यांचा कल पाहायचा असेल, तर 'जस्ट डान्स नाऊ'सारखे अॅप आहे. त्यात नाच टीव्हीवर दिसतो आणि हातातला फोनच कंट्रोलर होतो.

खोलीची तयारी

पाहुणे येण्याआधी, शक्यतो आदल्या रात्री, यंत्र चालू करून त्याचे सगळे अपडेट उतरवून घ्यावेत. चार माणसे उत्सुकतेने सोफ्यावर बसली आहेत आणि पडद्यावर अपडेटची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते आहे, यासारखा विरस नाही. जॉय-कॉन यंत्राला लावून पूर्ण चार्ज करावेत. वीच्या रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात, त्यांची नवी जोडी जवळ ठेवावी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो लावावा. नवे टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते किंचित उशिरा दाखवतात, आणि त्या क्षणभराच्या उशिरामुळे बॅडमिंटनमध्ये शटल रॅकेटखालून निघून जाते. सरावलेला खेळाडू हा उशीर नकळत जुळवून घेतो, नवखा स्वतःला दोष देतो.

जागा मोकळी करताना प्रत्येक खेळणाऱ्याच्या चहूबाजूंनी निदान तीन फूट अंतर राहील असे पाहावे. काचेचा टीपॉय सर्वांत आधी दुसऱ्या खोलीत न्यावा. सतरंजी, पायपुसणे, घसरणारी चटई काढून टाकावी. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून खेळू देऊ नये, अनवाणी पाय सर्वांत सुरक्षित. मुले उत्साहाच्या भरात दिवाणावर चढून खेळतात आणि वर पंखा फिरत असतो, त्यामुळे "खेळायचे ते जमिनीवरूनच" हा नियम सुरुवातीलाच सांगून टाकावा. खाली कोणी राहत असेल तर उड्या मारायचे गेम दुपारच्या झोपेच्या वेळी टाळावेत.

मनगटाचा पट्टा ही थट्टेची बाब नाही. वी बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, तोच हातातून निसटलेल्या रिमोटने टीव्ही फुटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या आणि डिसेंबर २००६ मध्ये निंटेंडोला सुमारे ३२ लाख पट्टे बदलून अधिक जाड पट्टे देण्याची तयारी करावी लागली. पाहुण्यांना पट्टा बांधायला सांगताना मात्र "तुमच्या हातून सुटेल" असा सूर नको. यजमानाने आधी स्वतःच्या मनगटाला बांधावा, म्हणजे तो खेळाचाच एक भाग वाटतो. बांगड्या असतील तर त्या जरा वर सारून पट्टा त्यांच्या खाली, मनगटाशी बांधावा. बांगड्यांवरून बांधलेला पट्टा सैल पडतो आणि काचेची बांगडी पिचण्याची भीती राहते. जॉय-कॉनचा पट्टा सरकवताना त्यावरचे अधिकचे चिन्ह कंट्रोलरवरच्या अधिकशी आणि वजाचे वजाशी जुळते आहे ना, हे पाहावे. उलटा बसला तर तो निघता निघत नाही.

वेळ निवडताना जेवणानंतरची लगेचची वेळ टाळावी. पुरणपोळी पोटात असताना कोणालाही हात झाडावासा वाटत नाही. सुटीच्या दिवशी संध्याकाळचा चहा झाल्यावर, माणसे आपसूक हॉलमध्ये रेंगाळतात तेव्हा, बोलावण्याची गरज न पडता खेळ सुरू करता येतो.

चेहरा आधी, खेळ नंतर

निंटेंडोच्या यंत्रांत 'मी' नावाचे छोटे बाहुले बनवण्याची सोय असते आणि पुढे खेळात तेच बाहुले आपल्या वतीने धावतात. प्रत्येकाचा चेहरा अगदी पहिल्यापासून बनवत बसले तर वेळ फार जातो. म्हणून आदल्या दिवशी आजी-आजोबांचे, काका-काकूंचे चेहरे ऐंशी टक्के तयार करून ठेवावेत आणि चष्मा, मिशी किंवा केसांचा रंग त्यांच्यासमोर ठरवावा. पांढऱ्या केसांचा अंबाडा आणि गोल चष्मा त्यात मिळतो. कुंकू मिळत नाही, पण चेहऱ्यावर तीळ देण्याची सोय असते आणि तो तीळ हवा तिथे सरकवून लहानमोठा करता येतो. तो कपाळाच्या मधोमध आणला की छान काळी टिकली होते. ही टिकली पाहून ज्या आजीला खेळात काडीचा रस नव्हता ती खुर्ची पुढे ओढते. तिचे ध्यान चेहऱ्यावर असते तोवर खेळाची भीती मागे पडलेली असते, आणि पडद्यावर जे काही बरे-वाईट होईल ते त्या बाहुलीचे होते, आपले नव्हे, अशी एक आडही तिला मिळते.

पहिला चेंडू

पहिला खेळ बोलिंगच असावा, याबाबत माझे मत ठाम आहे. जुन्या वी स्पोर्ट्समध्ये तो आहे आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या निंटेंडो स्विच स्पोर्ट्समध्येही आहे. यात घड्याळ मागे लागलेले नसते, समोरून काही अंगावर येत नाही, आणि खेळणारा स्वतःच्या गतीने चेंडू टाकू शकतो. पाळी येते, अर्ध्या मिनिटात संपते, आणि मग बाकीचे खेळेपर्यंत निवांत गप्पा मारता येतात, त्यामुळे कोणावरही सगळ्यांची नजर फार वेळ खिळत नाही. दहापैकी सहा पिना पडल्या तरी पडल्याच म्हणायच्या. पहिल्याच चेंडूला काहीतरी कमावल्याचे समाधान इतर कुठल्या खेळात इतक्या स्वस्तात मिळत नाही.

आता तो पहिला चेंडू कसा टाकवून घ्यावा, ते जरा बारकाईने पाहू. रिमोट हातात देण्याआधी तो पडद्याकडे तोंड करून असा धरावा की मागचे बटण तर्जनीखाली येईल, आणि तसाच त्यांच्या हातात ठेवावा. "बी दाबा", "झेडआर दाबा" असे म्हटले की त्या अक्षराच्या शोधात नजर हातावर जाते आणि मग खेळ राहून जातो. सांगायचे ते एवढेच: "आजी, बोटाखालचं बटण दाबून धर. हात मागे ने. आता पुढे आण आणि बटण सोड." सासूबाई किंवा शेजारच्या काकू असतील तर हेच 'तुम्ही' म्हणून, आणि याहून एक शब्दही जास्त नको. चेंडू वळवता कसा येतो, उभे राहण्याची जागा सरकवता कशी येते, हे तिसऱ्या-चौथ्या पाळीपर्यंत मनातच ठेवावे. स्वतः शेजारी उभे राहून रिकाम्या हाताने तीच क्रिया त्यांच्याबरोबर करावी. त्यांचा हात धरून झुलवू नये. मोठ्या माणसाला लहान मुलासारखे वागवल्याची भावना त्यातून होते आणि चेंडूही धड जात नाही.

दोन चुका ठरलेल्या आहेत. बोलिंग म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाचा हात सवयीने खांद्यावरून फिरतो. त्यावर उपाय एका वाक्याचा आहे: गल्लीतल्या अंडरआर्म क्रिकेटसारखा टाका. मुंबईत वाढलेल्या कोणालाही याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही. दुसरी चूक बटणाची. काही जण ते घट्ट धरून ठेवतात आणि चेंडू हातातच राहतो. काही जण हात मागे असतानाच सोडतात. वी स्पोर्ट्समध्ये बटण असे मागे सुटले की चेंडू मागच्या प्रेक्षकांच्या अंगावर जातो आणि पडद्यावरचे सगळे बाहुले दचकून उडी मारतात. हा प्रसंग घडला तर सावरासावर करू नये. खोलीत जो पहिला हशा पिकतो तो त्या बाहुल्यांवर पिकतो, आणि ज्याच्या हातून हे झाले तो स्वतः सर्वांत मोठ्याने हसत असतो. काही वेळा तर यजमानानेच मुद्दाम पहिला चेंडू मागे टाकावा. चुकण्याची परवानगी सगळ्यांना मिळून जाते.

पाळीचा क्रमही विचारपूर्वक लावावा. घरातला दहा वर्षांचा उस्ताद पहिला नको आणि सर्वांत संकोची माणूसही पहिला नको. जिला लोक काय म्हणतील याची पर्वा नसते अशी एखादी मावशी किंवा आत्या प्रत्येक कुटुंबात असते, तिच्यापासून सुरुवात करावी. गुण कसे मोजतात हे समजावण्याच्या फंदात पडू नये. स्ट्राइकनंतरच्या, म्हणजे पहिल्याच चेंडूत दहाही पिना पाडल्यानंतरच्या, दोन चेंडूंचे गुण मागच्या खात्यात कसे जमा होतात हे ऐकून भल्याभल्यांचे चेहरे पडतात, आणि बेरीज यंत्र करतेच.

तरबेज खेळाडूंनी मुद्दाम हरू नये. आजोबांनी आयुष्यभर माणसे पारखलेली असतात, त्यांना ते तत्काळ कळते आणि मग जिंकण्याची गोडी जाते. त्याऐवजी तरबेज माणसाने डाव्या हाताने खेळावे, किंवा एक जुना आणि एक नवा अशा जोड्या कराव्यात. नातवंडे एकेकट्या आजी-आजोबांना फार सुरेख शिकवतात, पण घोळक्यात त्यांचा धीर सुटतो आणि "दे, मी दाखवतो" म्हणत ती रिमोट हिसकावून घेतात. दुसऱ्याच्या पाळीत रिमोटला हात लावायचा नाही, हा नियम मुलांकडून आधी वदवून घ्यावा आणि मोठ्यांनीही पाळावा.

बोलिंगनंतर

एक-दोन डाव झाल्यावर "आणखी काय आहे यात?" असा प्रश्न येतो. तो येईपर्यंत थांबावे.

स्विच स्पोर्ट्स असेल तर पुढची पायरी बॅडमिंटन. सोसायटीच्या आवारात किंवा शाळेत रॅकेट हातात धरली नाही असा माणूस आपल्याकडे विरळा, आणि या खेळात पडद्यावरचा खेळाडू शटलखाली आपोआप जातो, आपण फक्त फटका मारायचा असतो. टेनिस दिसायला तसेच असले तरी ते पुढच्या खेपेला ठेवावे. त्यात फटका जरा लवकर बसला की उशिरा, यावर चेंडूची दिशा ठरते, आणि वी स्पोर्ट्समध्ये तर एकट्या माणसाला पुढचा आणि मागचा असे दोन्ही खेळाडू सांभाळावे लागतात. हात हलवला की दोघेही रॅकेट फिरवतात, ते पाहून नवख्याला आपण नेमके कोण हेच कळेनासे होते. क्रिकेटवेड्या भावोजींना "हे पोरांचे खेळ" वाटत असतील, तर वाद न घालता वी स्पोर्ट्सचे बेसबॉल लावून बॅट त्यांच्या हाती द्यावी. क्षेत्ररक्षण यंत्र बघते, त्यांनी फक्त टोलवायचे आणि आपली पाळी आली की चेंडू फेकायचा.

नाचाची हौस असलेल्या घरात जस्ट डान्सला तोड नाही, आणि त्यातली एक गोष्ट सांगितली तर लाजरी माणसेही तयार होतात: यंत्र फक्त उजव्या हाताची हालचाल मोजते. पाय चुकले, कंबर हलली नाही, तरी गुणांवर परिणाम होत नाही. गुडघे दुखत असलेली आजी खुर्चीत बसून नुसता हात वेळेवर हलवत कॉलेजातल्या नातीला हरवू शकते, आणि असे झाले की त्या घरात पुढे यंत्रावरची धूळ कोणाला पुसावी लागत नाही.

काही गोष्टी मात्र पाहुण्यांसमोर बाहेर काढू नयेत. बॉक्सिंगने पाच मिनिटांत धाप लागते. स्विच स्पोर्ट्समधल्या फुटबॉलला दांडीने पळणे जमावे लागते, म्हणजे ज्या भीतीपासून आपण पळालो तीच परत समोर येते. आणि तराजूसारख्या पाटावर उभे राहून खेळायचा 'वी फिट' हा गेम एकट्याने कितीही चांगला असला, तरी तो उभ्या राहिलेल्या माणसाचे वजन मोजतो, शरीराचे 'वय' सांगतो आणि वजन जास्त भरले तर त्याच्या बाहुल्याला तिथल्या तिथे गुबगुबीत करून दाखवतो. भरल्या घरात काकूंना त्या पाटावर उभे करणारा यजमान पुढच्या आमंत्रणाची अपेक्षा ठेवू शकत नाही. व्यायामाचीच आवड कोणाला दिसली तर २०१९ मध्ये आलेला 'रिंग फिट अॅडव्हेंचर' नंतर निवांत दाखवावा. त्यात जागच्या जागी धावण्याऐवजी गुडघे वाकवायचा एक शांत प्रकारही आहे, तो खालच्या मजल्यावरच्यांना फार मानवतो.

नको म्हणणारे आणि दमलेले

एकदा विचारून नको म्हटले तर दुसऱ्यांदा आग्रह करू नये. जेवणाच्या पंगतीतला आग्रह इथे चालत नाही. उलट तो माणूस सगळ्यांच्या नजरेत येतो आणि त्याचा नकार पक्का होतो. त्याला दुसरे काम द्यावे: पाळी कोणाची हे पुकारणे, जोड्या लावणे, फोनवर व्हिडिओ घेणे. तासाभराने पाळी चालू असलेल्या माणसाला चहा ओतायला उठावे लागते, तेव्हा "माझा हा चेंडू टाका ना जरा" असे म्हणून रिमोट सहज त्याच्या हातात दिला, तर तो बहुधा टाकतो. बसून खेळायलाही हरकत नसते. वीच्या टेनिसमध्ये तर सोफ्यावर बसून नुसते मनगट झटकूनही फटका बसतो.

दमण्याची गोष्ट गांभीर्याने घ्यावी. २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरांनी स्वतःच्याच खांद्याच्या दुखण्याविषयी पत्र लिहिले होते; तासन्‌तास वीचे टेनिस खेळून ते उद्भवले होते आणि त्यांनी त्याला गमतीने 'वीआयटिस' असे नाव दिले होते. ते डॉक्टर विशीतले होते, तेव्हा साठीतल्या खांद्याचे काय होईल ते वेगळे सांगायला नको. चेंडूला वजन नसल्यामुळे थांबायचे भान राहत नाही आणि दुखणे दुसऱ्या दिवशी समजते. पहिल्या दिवशी ज्येष्ठांसाठी दोन डाव पुरेत, आणि तेही हात थोडा सैल करून घेतल्यावर. खांदा आखडलेला असेल तर दुसरा हात वापरावा. कोणत्या हाताने खेळणार हे गेममध्ये निवडता येते. पेसमेकर असलेल्यांनी, फीट येणाऱ्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खेळावे. आणि "अजून एक डाव" अशी मागणी जोरात असतानाच खेळ आवरता घ्यावा, म्हणजे पुढच्या रविवारी तीच माणसे स्वतःहून विचारतात.

आपण नसताना

आईवडिलांसाठी यंत्र ठेवून जाणार असाल, तर त्यांना खेळता येते एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांना ते एकट्याने चालू करता आले पाहिजे. या यंत्रांचे पडदे मराठीत नसतात. म्हणून एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो टीव्हीच्या बाजूला चिकटवावा: टीव्हीच्या रिमोटवर कोणते बटण दाबून कितव्या एचडीएमआयवर जायचे, यंत्राचे बटण कुठे आहे, पडद्यावरचे कोणते चित्र निवडायचे, आणि खेळून झाल्यावर जॉय-कॉन यंत्राला कसे परत लावायचे म्हणजे ते चार्ज होतील. निघण्याआधी तुम्ही सोफ्यावर बसून त्यांना केवळ तो कागद पाहून सगळे करायला लावावे, आणि जिथे ते अडतील ती ओळ बदलून लिहावी. यंत्राच्या ऑनलाइन दुकानाला पासवर्ड लावून ठेवावा, म्हणजे भलत्या बटणाने खरेदी होणार नाही.

मुले परदेशात असतील तर स्विच स्पोर्ट्समध्ये इंटरनेटवरून एकत्र बोलिंग खेळता येते. दोन्हीकडे यंत्र, गेम आणि निंटेंडोची ऑनलाइन वर्गणी लागते. मित्रयादीत एकमेकांना जोडण्याचे काम मुलांनी भारतभेटीत स्वतः करून द्यावे, फोनवरून ते समजावणे दोन्ही बाजूंना जड जाते. उन्हाळ्यात पुण्यात रविवारी सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत शनिवारी रात्रीचे दहा वाजलेले असतात, आणि ही वेळ दोघांनाही जमण्यासारखी असते. बोलण्यासाठी गेममध्ये सोय शोधत बसण्यापेक्षा व्हॉट्सअॅपवर फोन लावून तो स्पीकरवर करावा आणि हाताच्या टप्प्याबाहेर, जेवणाच्या टेबलावर ठेवावा.